भरतीच्या पोरांना भिंतीवरून सिमेंटवर उड्या मारायला लावू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या गावाबाहेर पोलीस भरतीची तयारी करून घेणारा एक वर्ग आहे. माझी नात गेल्या दिवाळीपासून तिथे जाते. पहाटे पाचला मी तिला मोटरसायकलवरून सोडतो आणि परत फिरतो. मागच्या महिन्यात गाडी सुरूच होईना म्हणून तिथे थांबावे लागले. त्या दिवशी जे पाहिले त्यासाठी हे पत्र.

डांबरी रस्त्यावर धावून झाल्यावर सगळ्या मुलामुलींना कुंपणाच्या भिंतीवर चढवले. भिंत चार फूट उंचीची, खाली सिमेंटचा कोबा. शिट्टी झाली की उडी. गुडघे वाकले की ती उडी बाद, पुन्हा चढायचे. अशा वीस उड्या. चाळीस-पन्नास टाचा एकदम कोब्यावर आपटल्या की नारळ फोडल्यासारखा कोरडा आवाज येतो. घरी येताना नातीला विचारले, हे कशासाठी? म्हणाली, "आबा, सर म्हणतात, यानं हाडं टणक होतात. मग भरतीत पाय दुखत नाहीत."

सरांवर माझा राग नाही. पोरांसाठी ते जीव तोडून राबतात, ज्याला फी जमत नाही त्यालाही शिकवतात. आणि त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. हाडात रक्त फिरते, ते मोडले तर जुळते, धक्क्याच्या व्यायामाने ते काही प्रमाणात बळकटही होते. पण दोन हाडे जिथे एकमेकांना भिडतात तिथे हाड उघडे नसते. त्यावर कूर्चेचा थर असतो. मटणाची नळी ज्यांनी हातात धरली आहे त्यांना तिच्या टोकावरचा निळसर पांढरा, चकचकीत, गुळगुळीत थर आठवेल. आपल्या गुडघ्यातही तोच, जाडी साधारण दोन-चार मिलिमीटर. त्यात रक्तवाहिनी नाही, मज्जातंतू नाही, आणि पेशी इतक्या विरळ की डागडुजी करायला माणूसबळच नाही म्हणा. हाडाचा नियम तिला लावता येत नाही.

मी डॉक्टर नाही. ३१ वर्षे एका तंत्रनिकेतनात मातीच्या प्रयोगशाळेत काम केले. माझ्या हातून सगळ्यांत जास्त झाली ती कन्सॉलिडेशन टेस्ट, म्हणजे भाराखाली माती किती आणि किती वेळात दबते ते मोजण्याची चाचणी. ६० मिलिमीटर व्यासाचे, २० मिलिमीटर उंचीचे कडे. त्यात पाण्याने पूर्ण भरलेली चिकणमाती बसवायची, वर-खाली सच्छिद्र दगडाच्या चकत्या, तरफेला वजन टांगायचे आणि डायल गेजवर डोळा ठेवायचा. पाव मिनिट, एक मिनिट, सव्वादोन, चार, सव्वासहा, नऊ असे करत वाचन घ्यायचे आणि तेच वजन चोवीस तास ठेवून दुसऱ्या दिवशी सकाळी शेवटचे. मग वजन दुप्पट. विद्यार्थी कंटाळून विचारत, वजन ठेवले तरी माती लगेच दबत का नाही? कारण मातीच्या कणांमधली सगळी जागा पाण्याने भरलेली असते आणि पाणी दाबून लहान होत नाही. ते बाहेर निघेल तेवढीच माती दबेल, आणि चिकणमातीतल्या वाटा इतक्या बारीक की निघायला वेळ लागतो. तोवर सगळा भार पाणीच उचलून धरते. हे गणित अभियंते कार्ल टर्झाघी यांनी १९२० च्या दशकात बसवले. धरणे आणि इमारती खचण्याचा अंदाज आजही त्यावरून बांधतात.

माझी पुतणी फिजिओथेरपिस्ट आहे. एका गणपतीत ती घरी आली ती काही छापील कागद घेऊन. त्यातली आकृती माझ्यापुढे धरून म्हणाली, "काका, हे तुमचंच यंत्र आहे ना?" पाहतो तर खरेच तेच. कडे, सच्छिद्र चकती, वरून भार, वेळेनुसार दबण्याचा आलेख. फक्त कड्यात माती नव्हती, सांध्यावरची कूर्चा होती. अमेरिकेत संशोधक व्हॅन मो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली कूर्चेकडे असेच पाहिले, एक घन जाळे आणि त्यात अडकलेले पाणी. मी तो आलेख किती वेळ पाहत बसलो. आयुष्यभर जी वक्ररेषा मी आलेखाच्या कागदावर हाताने काढली, ती माझ्या गुडघ्यात आहे हे मला साठीनंतर कळले.

कूर्चेच्या वजनात ६५ ते ८० टक्के पाणी असते. बाकी कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंचे जाळे आणि त्या जाळ्यात कोंबलेले प्रोटिओग्लायकन नावाचे रेणू. या रेणूंवर ऋण विद्युतभार असतो, तो पाणी ओढून धरतो. आपल्या काळ्या मातीच्या कणांवरही ऋणभारच असतो, आणि पाऊस पडला की ती फुगते, भिंतींना तडे देते, ते त्यामुळेच. कूर्चेलाही असेच फुगायचे असते, पण तंतूंचे जाळे तिला फुगू देत नाही. पोत्यात काळी माती गच्च भरून तोंड शिवावे आणि पोते भिजत ठेवावे, तसे ते आतून तट्ट राहते.

आता वाट किती अरुंद ते पाहा. पाणी झिरपू देण्याचा कूर्चेचा जो गुणांक शास्त्रज्ञांनी मोजला, तो मी आमच्या मातीच्या एककात मांडून पाहिला. बाहेरून काही दाब नाही, पाणी केवळ स्वतःच्या वजनाने झिरपते आहे असे धरले, तर एक मिलिमीटर सरकायला त्याला सुमारे तीन वर्षे लागतील. आमच्या ओळखीची चिकणमाती याच्यापुढे चाळणी म्हणावी लागेल. सांध्यावर प्रत्यक्षात दाब प्रचंड असतो म्हणून ते तासाभराच्या हिशेबात हलते. पण सेकंदात, अर्ध्या सेकंदात जवळजवळ हलतच नाही.

यातूनच तिचे दोन स्वभाव निघतात. भार सावकाश आला आणि टिकून राहिला, की पाणी हळूहळू बाजूला सरते, कूर्चा दबते, भार काढला की पाणी परत ओढून घेऊन फुगते. दिवसभर उभे राहिल्यावर गुडघ्यातला हा थर किंचित पातळ होतो आणि रात्रीच्या झोपेत भरून येतो. भार झटक्यात आला तर पाण्याला निघायला सवडच नसते. ते जागच्या जागी दाब धरते आणि मऊ वाटणारी तीच वस्तू अनेक पटींनी ताठ होते. चालताना आपल्याला हाच गुण तारतो. पावलागणिक गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दोन-अडीच पट भार येतो, त्यातला नव्वद टक्क्यांहून अधिक भाग पाण्याचा दाब पेलतो आणि तंतूंच्या वाट्याला फार थोडा येतो.

नातीला हे तोंडाने सांगून पटेना. औषधाच्या दुकानातून मोठी सिरिंज आणली, सुईशिवाय. आत भिजवलेल्या स्पंजचा तुकडा आणि काठोकाठ पाणी. टोपण न लावता दट्ट्या अंगठ्याने सावकाश दाबायला सांगितला. टोकातून थेंब थेंब पाणी आले आणि दट्ट्या खाली गेला. पुन्हा भरली, टोक खाली करून ओट्यावर टेकवली आणि म्हटले, आता तळहाताने वरून थाप मार. तिने मारली आणि हात झटकला. दट्ट्या जागचा हलला नाही. "आबा, दगडावर मारल्यासारखं झालं." स्पंज तोच, पाणी तेच, भोकही तेच. फक्त वेळ दिला नाही.

ताठपणालाही मर्यादा आहे, आणि भिंतीचा प्रश्न तिथेच येतो. झटक्यात दाबलेल्या कूर्चेचे आकारमान कमी होऊ शकत नाही, म्हणून ती बाजूंना फुगते आणि पृष्ठभागावरचे तंतू ताणले जातात. भरलेल्या पखालीवर कोणी नाचले तर शिवण उसवते, तसे ते एका हद्दीनंतर फाटतात. १९७७ साली रेपो आणि फिनले या दोघा संशोधकांनी कूर्चेच्या तुकड्यांवर मोजूनमापून आघात केले. साधारण २५ मेगापास्कलच्या पुढे, म्हणजे चौरस सेंटिमीटरला अडीचशे किलोच्या वर गेल्यावर, त्यांना पृष्ठभागावर भेगा आणि मेलेल्या पेशी दिसल्या. आता दुसरा आकडा. बोस्टनमध्ये एका ७३ वर्षांच्या बाईंच्या खुब्यात दाब मोजणारे कृत्रिम हाड बसवले होते. १९८६ साली त्यातली मापे प्रसिद्ध झाली. खुर्चीवरून उठताना तिथे १८ मेगापास्कलपर्यंत दाब गेला होता. म्हातारी बाई खुर्चीवरून उठते तेव्हा १८ आणि प्रयोगशाळेत आघाताने कूर्चा फाटते तेव्हा २५. हे दोन आकडे पाहून मी चरकलो होतो. पण उठायला सेकंदभर तरी लागतो आणि आघात सेकंदाच्या हजाराव्या भागांत होतो. दाबाच्या आकड्यात फरक थोडा, पण वेळेत केवढा! सावकाश आलेला अतिरेकी भारही निर्दोष नसतो, त्यानेही पेशी मरतात. तरी भेगा पडतात त्या मुख्यतः झटक्यानेच.

आपल्याकडे सगळेच कूर्चेला गुडघ्यातली गादी म्हणतात. वर्तमानपत्रांतही तसेच छापून येते. मला हा शब्द घातक वाटतो. गादी म्हटले की धक्का ती शोषून घेईल असे मन धरून चालते. दोन-चार मिलिमीटरचा थर, तोही झटक्यात ताठ होणारा, धक्का शोषणार तरी किती? अमेरिकेतले अस्थिशल्यविशारद एरिक रॅडिन यांनी १९७० च्या सुमारास हेच दाखवून दिले. धक्का जिरवण्याचे काम मुख्यतः स्नायू करतात, वाकणारे सांधे करतात, काही अंशी हाड करते. कूर्चेचे काम भार पसरवायचे आणि जवळजवळ घर्षणाशिवाय सरकायचे. त्यांनीच पुढे मेंढ्यांवर काम केले. काही मेंढ्यांना रोज काँक्रीटवर चालवले आणि डांबरी जागेत ठेवले, काहींना लाकडाच्या ढलप्यांच्या मऊ थरावर चालवून कुरणात सोडले. अडीच वर्षांनी पहिल्या कळपाच्या गुडघ्यांतल्या कूर्चेत आणि तिच्याखालच्या हाडात फरक पडलेला आढळला. मेंढ्या नुसत्या चालत होत्या, उड्या मारत नव्हत्या.

स्नायूंनी धक्का घ्यायचा तर त्यांना आगाऊ खबर हवी. अंधारात जिना उतरताना एक पायरी संपली असे वाटावे आणि ती शिल्लक निघावी, तेव्हा केवढा दणका बसतो, थेट दातांपर्यंत! सहा-सात इंचांची उंची, पण स्नायू तयार नसतात. भिंतीवरून उडी मारणाऱ्या पोरांचे स्नायू सावध असतात. मग त्यांना गुडघे वाकवू नका म्हणायचे, म्हणजे पहारेकरी जागा असताना त्याचे हात बांधून ठेवायचे.

हिशेब सोपा आहे, आठवीच्या पोरालाही जमेल. चार फुटांवरून पडताना जमिनीपाशी वेग ताशी साडेसतरा किलोमीटर होतो. नातीचे वजन ५२ किलो. पाय टेकल्यावर ती ताठ राहिली आणि तिचे शरीर जेमतेम १० सेंटिमीटरमध्ये थांबले, तर सरासरी बल वजनाच्या तेरा पट, म्हणजे पावणेसातशे किलो, आणि वेळ सेकंदाच्या पंचविसाव्या भागाइतका. तीच मुलगी खुबा, गुडघे, घोटे वाकवत ५० सेंटिमीटरमध्ये थांबली, तर बल पावणेदोनशे किलो आणि वेळ पाच पट. हे सरासरी आकडे आहेत, क्षणभराचा शेंडा याहून वर जातो. दिवसाला वीस उड्या, आठवड्याचे सहा दिवस, भरती निघेपर्यंत वर्ष-दीड वर्ष. गुणाकार वाचकांनी करावा.

माझ्या उजव्या गुडघ्याचेही सांगतो. १९८९ साली कालव्याच्या कामावर मातीचे नमुने घ्यायला गेलो होतो. नमुन्यांच्या नळ्या ट्रकमध्ये चढवल्या आणि फाळक्यावरून तसाच खाली उडी टाकली, काँक्रीटच्या अस्तरावर, दोन्ही हात भरलेले, पाय ताठ. रात्रीत गुडघा भोपळ्यासारखा सुजला. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, हाड शाबूत आहे म्हणाले, आठ दिवसांत सूज गेली आणि मी विसरलो. एक्स-रेत कूर्चा दिसतच नाही, आणि तिला मज्जातंतू नसल्याने ती स्वतः दुखत नाही, हे तेव्हा मला माहीत नव्हते. पन्नाशीनंतर त्याच गुडघ्यात कुरकुर सुरू झाली. अठ्ठावन्नाव्या वर्षी एमआरआय केला तेव्हा मांडीच्या हाडाच्या टोकावर एका ठिकाणी थरच उरलेला नव्हता. डावा गुडघा माझ्याच वयाचा, तेवढेच चाललेला, आणि अजून ठणठणीत. त्या एका उडीनेच हे झाले असे मी छातीठोक सांगणार नाही. पण अमेरिकेत लक्षणे देणाऱ्या सांधेझिजेपैकी सुमारे १२ टक्के जुन्या इजेतून आलेली असते असा अंदाज आहे, आणि फाटलेली कूर्चा पूर्ववत होत नाही हे लंडनचे शरीररचनातज्ज्ञ विल्यम हंटर यांनी १७४३ सालीच लिहून ठेवले आहे. पावणेतीनशे वर्षांत शस्त्रक्रिया खूप पुढे गेल्या, पण मूळचा थर जसाच्या तसा परत आणणे अजून जमलेले नाही.

यावरून कोणी पोरींचे धावणे बंद करू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. आमच्याच भावकीतल्या एकाने "मुलीच्या गुडघ्यांची वाट लागेल" म्हणून तिला घरी बसवली. धावण्याने गुडघे झिजतात हा समज चुकीचा आहे. २०१७ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा खुब्याची किंवा गुडघ्याची सांधेझीज हौसेने धावणाऱ्यांत ३.५ टक्के, न धावणाऱ्यांत १०.२ टक्के आणि स्पर्धेत व्यावसायिक पातळीवर धावणाऱ्यांत १३.३ टक्के आढळली. मर्यादेत, लयीत येणारा-जाणारा भार कूर्चेला हवा असतो. तिला रक्त मिळत नाही, जे पोषण मिळते ते सांध्यातल्या द्रवातून, आणि हालचालीने त्याला मदतच होते. रस्ता सोडून मातीवर धावता आले तर उत्तम. पण नुसत्या मऊ जमिनीवरही भिस्त ठेवू नये, कारण जमीन मऊ असली की आपला पाय आपोआप थोडा ताठ होतो असे प्रयोगांत दिसले आहे. पाऊल कसे टेकवता हे जमिनीइतकेच महत्त्वाचे.

लहानपणी मी तालमीत जायचो. वस्ताद खांबावरून किंवा कठड्यावरून उडी मारायला लावायचे ते लाल मातीत, आणि डोळे मिटून उभे राहायचे. आवाज आला की म्हणायचे, "परत." चवडे आधी, मग टाच, गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेने वाकलेले, ढुंगण मागे, मांजर उतरते तसे. त्यांना कूर्चा हा शब्दही ठाऊक नसेल. चांगल्या उडीची खूण मात्र त्यांना नेमकी सापडली होती. आवाज जितका कमी तितका थांबायला लागलेला वेळ जास्त.

पोलीस शिपाई भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची. मुलींना ८०० मीटर, मुलांना १६०० मीटर, दोघांना १०० मीटर आणि गोळाफेक. त्यात उडी कुठेच नाही. ज्या उडीला एकही गुण नाही तिच्यासाठी एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांची कूर्चा का पणाला लावायची? उडी हा चांगला व्यायाम आहे, तो जरूर घ्या. गुडघाभर उंचीवरून घ्या, वाळू किंवा भुसभुशीत मातीवर घ्या, आणि गुडघे वाकवून घ्या. एका हौद्याला ट्रॉलीभर वाळू पुरते. उडीनंतर कोणाचा गुडघा सुजला तर "एक्स-रे चांगला आहे" एवढ्यावर त्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा भिंतीवर चढवू नका.

मी सरांशी बोललो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "आबा, सगळीकडे असंच घेतात." माझी नात आता उड्यांच्या वेळी बाजूला उभी राहते. बाकीची पोरं तिला भित्री म्हणतात आणि घरी येऊन ती गप्प बसते. म्हणून हे पत्र एका वर्गापुरते न ठेवता आपल्याकडे पाठवतो आहे. आपला अंक तालुक्या-तालुक्यात भरतीची पोरं वाचतात, त्यांचे सरही वाचतात. जिल्ह्यातल्या कोणत्याही वर्गाने बोलावले तर मी पदरमोड करून येईन. सिरिंज, स्पंज आणि पाण्याची बाटली माझ्या पिशवीतच असते, आणि दहा मिनिटांच्या वर वेळ घेणार नाही. माझा पत्ता आपल्या कार्यालयाकडे दिला आहे.

आपला नियमित वाचक,
निवृत्त प्रयोगशाळा सहायक (मृदा यांत्रिकी),
ता. कराड, जि. सातारा